मेस्त इनासचा हात

रेवदंडा, रविवार, ४ ऑक्टोबर १९६४

"हिच्या गळ्यात गाणं नाही, नुसतं गणित आहे."

पालीला आमच्या ओसरीवर सुपारी कातरता कातरता माझे गाण्याचे बुवा माझ्या वडिलांना हे म्हणाले होते. मी सोळा वर्षांची होते, आत चहा गाळत होते. वडील "असं का" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद झाली. आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. लग्न झालं, नवरा गेला, मुलींच्या शाळेत अठरा वर्षं मराठी शिकवून झालं. ते वाक्य मात्र अडकित्त्याच्या आवाजासकट जिथल्या तिथे आहे.

आज ते वर आलं, कारण काल खाडीपलीकडच्या पाड्याचे नवे फादर शाळेत आले होते. तरुण आहेत, वसईकडचे, बोलायला गोड. पुढच्या उपासकाळापासून, म्हणजे मार्चपासून, त्यांची मिस्सा, चर्चमधली रविवारची प्रार्थना, लॅटिन सोडून मराठीत होणार. गाणीही मराठी. "शब्द तुम्ही तपासा, चाली पेटीवर बसवा. तुम्हाला पेटी येते असं ऐकलं."

मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं, धर्मकार्य म्हणून. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या सणाला मी तिथे शाळेच्या कामासाठी गेले होते. चर्चच्या दारातून दोन म्हाताऱ्यांचं गाणं ऐकू आलं. एक सरळ वाटेने चालला होता, दुसरा आपल्याच वाटेने वर-खाली, आणि तरी दोघांचं कुठेही भांडण होत नव्हतं. आमच्या गाण्यात असं नसतं. मी उन्हात उभी राहिले. हे गणितच आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं.

११ ऑक्टोबर

तरीने पलीकडे गेले. अनंता तरीवाला म्हणतो, "बाई, तुमी पन किरिस्ताव झालाव की काय?"

"तू वल्हं मार," म्हटलं.

त्या दोघांतला एक, सांतान, पावसाळ्यात वारला. उरले ते मेस्त इनास. चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्याला ते मेस्त म्हणतात. सत्तरीपुढचे असतील. ओट्यावर लाकडी बाकावर बसून जाळं सांधत होते. मी मागून जाऊन नमस्कार म्हटलं. हात थांबला नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. त्यांच्या बायकोने, रोजमायने, येऊन बाकाच्या टोकावर थाप मारली तेव्हा कुठे मान वळली. उद्धटपणाची हद्द.

"हीच का ती? आमची लातीन काढायला आनलेली मास्तरीण?"

"शब्द तपासायला आले आहे. पण मला तुमचं गाणं शिकायचंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे इतकं रोखून पाहिलं की मी पदर सावरला. "परत बोल. हलू बोल."

अपमान गिळून परत बोलले.

"पेटी येते ना तुला? मग आनखी काय शिकाचा?"

"तुम्ही आणि सांतान गात होता ते."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग डावा पंजा माझ्या नाकासमोर उघडा धरला. "हा काय हाय?"

"हात."

"हात न्हाय. शाला हाय. माज्या आज्ज्याची, त्याच्या आज्ज्याची. आमचं मोठं पुस्तक मागनं. आधी ह्यो."

मग त्यांनी दाखवलं. अंगठ्याच्या टोकाला सगळ्यात खालचा सूर. तिथून अंगठा उतरायचा, चारही बोटांच्या बुडाशी आडवं जायचं, करंगळीवर चढायचं, टोकाटोकांवरून परत यायचं, आणि असं आत आत वळत जायचं. एकोणीस जागा. विसावा, सगळ्यात वरचा सूर, हातावर मावत नाही. तो मधल्या बोटाच्या नखामागे, हवेत.

परत येताना होडीत माझा हात उघडाच होता. अनंता बघत होता. बघू दे.

१८ ऑक्टोबर

आज त्यांनी मला फूटपट्टीने मारलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला.

मी डाव्या अंगठ्यानेच डाव्या हाताची पेरं मोजत होते. आम्ही सगळ्या तशाच मोजतो. जपाची माळ नसली तर जप, शिधा देताना मापं, पाळीचे दिवस. त्यांनी पट्टी अंगठ्यावर मारली. "अंगठ्याला मोजाचा काम न्हाय! तो सोता पयला सूर हाय. उजव्या हाताचा बोट घे. आनि पंजा वर धर, माज्या डोल्यासमोर. खाली मांडीवर ठेवून काय लपवतेस?"

मी काही लपवत नव्हते. पण बोटाने दाखवायला लागल्यावर हात पहिल्यांदा नीट दिसला, हे खरं.

२५ ऑक्टोबर

गेले नाही. अंगठा दुखत नाही. तरी गेले नाही.

केसर म्हणाली, "वहिनी, नवरा असताना तू कुणाचा मार खाल्ला नाहीस. आता होडीचं भाडं भरून खायला जातेस."

केसर माझी नणंद. आम्ही दोघीच घरात. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, ती नेहमी बरोबर असते.

८ नोव्हेंबर

करंज्या घेऊन गेले. रोजमायने डबा घेतला, त्यांच्याकडचा नारळाचा केक दिला. मेस्त मधल्या चुकलेल्या रविवारांबद्दल काही बोलले नाहीत. जणू मी आले होते की नाही, एकच.

आजचा धडा: उत, रे, मि, फा, सोल, ला. सहाच नावं. सातवं नाहीच. मि आणि फा यांच्यातलं अंतर अर्धं, बाकी सगळी पूर्ण. म्हणजे कुठेही उभं राहा, मि-फा सापडलं की आपण कुठे आहोत ते कळतं. सहा खोल्यांचं घर. अशी घरं तीन जातींची: कठीण, साधं आणि मऊ.

मला वाटलं, सोपं आहे. उत म्हणजे आपला सा.

तिथेच मार खाल्ला (या वेळी तोंडी). मी प्रत्येक ओळ संपली की बोट जिथून निघाले तिथेच परत आणून ठेवत होते. चौथ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुटं चाललीस?"

"सा वर."

"तुमचा पेटीवाल्यांचा ह्योच रोग. बकरी खुंट्याला बांदल्यावानी. हितं खुंटा न्हाय. उत म्हंजे घर न्हाय, उत म्हंजे दार. दारातनं आत जायाचा आनि दुसऱ्या दारातनं भायेर."

घरी आले तरी कानात तंबोरा चालूच आहे. तो कसा बंद करायचा हे कुणी सांगत नाही. मी सगळ्यांत आधी सा लावायला शिकले होते. बुवांनी तेवढं तरी माझं मानलं होतं. आता तेही चूक.

२२ नोव्हेंबर

सहाच नावं आहेत, मग सातव्या सुरावर जायचं कसं? नाव बदलून. चढताना एका सुरावर थांबायचं. खालच्या घरात त्याचं नाव सोल. तिथेच उभं राहून त्याला रे म्हणायचं आणि वरच्या घरात शिरायचं. सूर तोच. आवाज तसूभर हलता कामा नये.

मी करून दाखवलं. पहिल्या झटक्यात जमलं. जमणारच. मी पालीची सगुणा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'कमळ' लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी तिथेच बसले होते. आवाज तसूभर हलला नाही.

हाताकडे बघत बघत मी विचारलं, "मेस्त, त्या सुराला कुणी विचारतं का, नाव बदलू का म्हणून?"

"फुडं म्हन," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. खाली मान घालूनच, कारण डोळे भरले होते.

"फुडं म्हन! करंगली आली."

माणसाचा प्रश्न कानाआड करण्यातही एक पद्धत असते. यांना तीही नाही. मी पुढे म्हटलं.

करंगळीच्या टोकावर मात्र गंमत आहे. तिथे एका घरातला मि आहे आणि दुसऱ्या घरातला फा, पण ते दोन वेगळे सूर आहेत. एका जागेवर दोघं. तिथे नाव बदलता येत नाही. बदलायचं तर आवाजच बदलावा लागतो. एवढ्या सगळ्या हातात अशा दोनच जागा; दुसरी अनामिकेवर.

१३ डिसेंबर

संतापात लिहितेय. अक्षर वाईट येईल.

आज करंगळीच्या टोकाशी मी तोंडाने फा म्हटलं आणि गळ्यातून मिचा सूर निघाला. सरळसरळ बेसूर. माझं मलाच कसंतरी झालं. मेस्त म्हणाले, "शाबास."

पुढच्या ओळीत मी एकूण एक सूर बरोबर लावला. काळजातून लावला. बोट तेवढं चुकून शेजारच्या बोटाच्या टोकावर गेलं होतं. त्यांनी पट्टी जाळ्याच्या ढिगावर भिरकावली. "इतका मोटा चुकला तुज्या कानाला समजत न्हाय?"

माझ्या कानाला! चुकलं तर शाबास, बरोबर आलं तर पट्टी. मला कळतं हे काय आहे. माझ्याकडून त्यांची लॅटिन काढली जातेय त्याचा सूड आहे. बुवांनी निदान एका वाक्यात संपवलं होतं. हे दर रविवारी थोडं थोडं संपवतात.

रोजमाय होडीपर्यंत सोडायला आली. "रागावू नको बाय. त्येला सांगू नको काय. आदीसारका न्हाय ऱ्हायला त्यो."

मी म्हटलं, "आधीही असेच असणार."

ती काहीतरी म्हणणार होती. अनंताने होडी सोडली.

२५ डिसेंबर

केसरला घेऊन त्यांच्या नाताळाला गेले. चर्चमध्ये मागे उभ्या राहिलो. केसर कानात म्हणाली, "इथे आपल्याला बसायला सांगत नाहीत की आपणच बसायचं?" शेवटी ती बसली आणि मी उभी.

मेस्त आणि आणखी दोन म्हातारे गायले. मेस्तांनी एकाच्या पाठीवर तळवा ठेवला होता आणि नजर त्याच्या ओठांवर. त्यांच्यात अशीच रीत असावी. पण गाणं जमलं नाही. सूर एकमेकांपासून सरकत गेले, लोक माना खाली घालून बसले. ते दोघे म्हातारे चुकत होते, दुसरं काय. मेस्त चुकणार नाहीत.

बाहेर फादर मला म्हणाले, "पाहिलंत ना? वय झालं त्यांचं. उपासकाळ लागला की सुटतील बिचारे. अठ्ठावीस फेब्रुवारीला शेवटची लॅटिन मिस्सा."

"सुटतील" म्हणे. पन्नास वर्षं ज्याने गायलं त्याला काय पायात बेडी होती?  पण माझ्याच पिशवीत फादरांसाठी लिहिलेली चार मराठी गाणी होती. ती काढून दिली. चांगली झाली आहेत. त्याचाच जास्त राग येतोय.

१० जानेवारी १९६५

आज मागितलं.

हात सगळा येतो. खालून वर, वरून खाली, कुठूनही कुठेही. तीन महिन्यांत. मेस्त म्हणाले, त्यांना दोन वर्षं लागली होती. मग मी म्हटलं, आता दुसरा आवाज शिकवा. मी एक गाईन, त्यावर तुम्ही गाता तो. सांतानबरोबर गात होता तो.

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "न्हाय."

"का?"

"शिकवत न्हाय."

"मी बाई आहे म्हणून?"

"न्हाय."

"किरिस्ताव नाही म्हणून? मराठी गाणी लिहिली म्हणून?"

मी फार भराभर बोलत होते. ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरा आवाज म्हंजे समोरच्याचा ऐकून गायाचा. ऐकल्याबिगर न्हाय. सांतान गेला." आणि उठता उठता, "काय सांगाचा असंल तर लिवून देत जा. बडबड नको."

लिहून देत जा! मी अर्जदार आहे, ते मामलेदार. आणि सांतान गेला म्हणून जगातले सगळे गळे बंद? माझा आवाज त्यांना ऐकण्याच्या लायकीचा वाटत नाही एवढं सरळ सांगायची हिंमत नाही. बुवांना ती होती.

३१ जानेवारी

तीन रविवार गेले नाही.

काल केसर तांदूळ निवडत होती आणि तिची नेहमीची जात्यावरची चाल गुणगुणत होती. मी म्हटलं, "जरा मोठ्याने म्हण."

"का? पेटीवर बसवून किरिस्तावांना देणार?"

"म्हण गं."

ती म्हणायला लागली. मी हात उघडला. एवढं मेस्तांच्या बोलण्यातून मिळालं होतं: दोघांनी एकत्र सुरुवात करायची, ती चढली की आपण उतरायचं, दोघांत पाच सुरांचं अंतर असेल तर तेच धरून हातात हात घालून चालत राहायचं नाही, आणि तिच्या मिसमोर आपला फा कधी येऊ द्यायचा नाही. त्याला ते सैतान म्हणतात. मी केसरच्या चालीला माझ्या हातावर शोधायला लागले. ती या पेरावर, मग मी त्या पेरावर.

"बिघडवतेस मला!" ती थांबली.

"थांबू नको. माझ्याकडे लक्ष देऊ नको."

"लक्ष नको देऊ तर कानात बोटं घालू?"

"घाल."

तिने खरंच घातली. आणि मग एक ओळ जमली. एकच. ती आपल्या वाटेने गेली, मी माझ्या, आणि शेवटी एका जागी येऊन भेटलो. कानात तंबोरा नव्हता. केसरने बोटं काढली आणि म्हणाली, "काय झालं? रडतेस कशाला?"

मी रडत नव्हते. मी अठ्ठावीस वर्षांनी कुणावर तरी फार चिडले होते आणि तो माणूस केव्हाच मेला आहे.

१४ फेब्रुवारी

सांगायला गेले. एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

फादरांनी चर्चचं मोठं पुस्तक, हाताएवढ्या अक्षरांचं, खोक्यात घालून मुंबईला पाठवून दिलं. कुठल्याशा संग्रहासाठी. चांगलं जपतील म्हणे. रोजमायने सांगितलं. मी विचारलं, "मेस्त काही बोलले नाहीत?"

"बोलला. पुस्तक जाऊ दे म्हनला, हात हाय."

मेस्त ओट्याच्या टोकाला खाडीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "मला दुसरा आवाज येतो. तुम्ही शिकवला नाहीत तरी येतो."

ते वळले नाहीत.

मी केसरची ती ओळ गायले. माझा दुसरा आवाज, एकटीने. पूर्ण. एकही मि चुकला नाही.

पाठ हलली नाही. रोजमाय दारात पदर तोंडाशी धरून उभी. ती बाकाकडे यायला निघाली, थाप मारायला. मी तिला हाताने थांबवलं. ज्याला वळायचं नाही त्याला वळवायचं कशाला? आणि निघून आले.

होडीत अनंता म्हणाला, "बाई, आज गप?"

"वल्हं मार."

"मारतोय न्हाय काय."

२४ फेब्रुवारी

परवापासून तीन कागद फाडले. हा चौथा आज सकाळी अनंताच्या हाती दिला. 'लिहून दे' म्हणाले होते ना. नक्कल इथे ठेवते, कारण उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे आणि मग मी काय मागितलं होतं हे तरी माझ्याजवळ राहावं.

मेस्त इनास यांस,

रविवारी तुमची शेवटची लॅटिन मिस्सा. त्यानंतर माझी गाणी. त्याबद्दल माफी मागत नाही, कारण तुम्ही ती द्याल असं वाटत नाही. पण माझ्या पेटीला तुमच्या हातातलं काही येत नाही हे मला कळतं, आणि ते कळायला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही मला कधी बरोबर म्हणालात आणि कधी चूक, ते मला समजलं नाही. मी फार रागावले. अजून आहे. पण तो हात मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपते, आणि तो माझा आहे असं म्हणायची सोय नाही, कारण तो तुमचा आहे, आणि तुमच्या आज्ज्याचा.

एक मागते. चर्चमध्ये नको. तिथे माझं काही नाही. मिस्सा संपली, लोक पांगले की तुमच्या ओट्यावर, त्या बाकावर. मी पहिला आवाज गाईन, साधाच, सांतान गायचे तो. तुम्ही दुसरा गा. एकदाच.

तुम्हाला माझा आवाज ऐकायचा नाही, हे मला गेल्या खेपेला कळलं. तर ऐकू नका. माझ्याकडे बघूही नका. तुमचा डावा पंजा तेवढा माझ्यापुढे उघडा ठेवा. मी जो सूर गाईन त्या पेरावर माझं बोट ठेवीन आणि सूर संपेपर्यंत उचलणार नाही. तुम्ही तुमच्या हाताकडे बघा आणि गा. शेवटचा सूर हाताबाहेरचा आला तर नखावर टेकवीन.

नाही म्हणायचं असेल तर अनंताजवळ सांगा, कागद खर्च करू नका. पण नाही म्हणायच्या आधी एकदा पंजा उघडून बघा. एवढं कराल का?